शाईच्या रेघांवर रंगाचा वॉश: चित्र उजळतं की बुजतं?

रेघवेडी | ६ जुलै, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज इथे मांडते आहे. गेली चार वर्षं रविवारी सकाळी वही, पेन आणि घडीचं स्टूल घेऊन मी पेठांमधून हिंडते आणि समोर दिसेल ते काढते. पेन्सिल जेमतेम, बाकी सगळं थेट शाईत. शाईची रेघ मला फार आवडते. एकदा काढली की ती तिथेच राहते, त्यामुळे काढण्याआधी नीट बघावं लागतं.

मागच्या रविवारी विश्रामबागवाड्यासमोर, बाजीराव रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर बसले. सव्वादोन तासांत लाकडी सज्जा, सुरूचे खांब, त्यांच्यावरचं कोरीवकाम असं सगळं काढलं. सज्जाखालची सावली क्रॉस हॅचिंगनं, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांनी, भरली. उठले तेव्हा चित्र मनापासून आवडलं होतं. घरी येऊन रंग चढवला: लाकडाला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), भिंतीला येलो ऑकर (मातकट पिवळा), आकाशाला निळा. वीस मिनिटांत चित्र गेलं. सावल्या काळ्याकुट्ट, लाकूड मळकं आणि खांबांची ती नाजूक कंबर दिसेनाशी झाली. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो खाली जोडले आहेत.

हे पहिल्यांदा झालेलं नाही. रंग दिल्यावर माझी दहातली आठ चित्रं पडतात, आणि तरीही रंग द्यावासा वाटतो, कारण पेठेत बसल्यावर मला रंगही दिसत असतात. तर वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, कधी द्यावा, किती द्यावा, की रेघेच्या चित्राला देऊच नये? अनुभव सांगा.

---

कसब्याचा_कोपरा | ६ जुलै, रात्री ९:३०

पहिला प्रश्न: शाई पसरली का? निम्म्या लोकांचं दुखणं तिथंच असतं.

---

रेघवेडी | ६ जुलै, रात्री ९:४१

नाही, शाई जागची हलली नाही. पिगमेंट शाईचं ०.३५ मिमीचं पेन आहे, वॉटरप्रूफ. रेघ शाबूत आहे, पण चित्र शाबूत नाही.

---

बोरूबहाद्दर | ६ जुलै, रात्री १०:१५

शाईचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो, पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल. पाण्याखाली शाई टिकणं हे तिच्यात रंगकण कशानं बांधलाय त्यावर ठरतं. आपल्याकडची जुनी घरगुती शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक. काजळीचा रंग शेकडो वर्षं उडत नाही, पण डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून ओला ब्रश लागला की ती पुन्हा सुटते. त्याच काजळीला लाखेचं पाणी दिलं (लाख टाकणखाराबरोबर उकळली की पाण्यात उतरते) तर वाळल्यावर ती पाण्याला दाद देत नाही. बाटलीत मिळणारी काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक बहुतेक याच जातीची असते, काजळी आणि शेलॅक (म्हणजे लाखच).

पण ती टाकानं किंवा बोरूनं वापरायची. फाउंटन पेनात भरू नका. लाख फीडमध्ये (निबाला शाई पोचवणाऱ्या भागात) वाळून बसली की पेन गेलं म्हणून समजा.

मी बोरू घरीच तासतो. बोरूच्या रेघेत शाई संपत येते तसा खरखरीत कोरडा भाग येतो, आणि त्यावर वॉश दिला की ते इतकं सुंदर दिसतं की काय सांगू.

---

नीलपेन | ६ जुलै, रात्री १०:४८

बोरूबहाद्दर, पेनाचं तुम्ही सांगितलंत ते मी सोसून बसलोय. वडिलांचं पेन होतं. दुरुस्त करणाऱ्यानं फीड बदलून दिला, पण पहिली धार काही परत आली नाही.

फाउंटन पेनच वापरायचं असेल तर त्यासाठी बनवलेली पिगमेंट शाई घ्या. प्लॅटिनमची कार्बन इंक मी सहा वर्षं वापरतोय. अट एकच, पेन रोज चालवायचं किंवा आठवड्याला धुवायचं. साधी निळी-काळी लिहायची शाई म्हणजे डाय, पाण्यात विरघळलेला रंग. ती पाण्यानं पसरते आणि उन्हात फिकी पडते. पण ती पसरणारी शाई मुद्दाम वापरायलाही मजा येते. रेघ काढा आणि सावलीच्या बाजूनं नुसता पाण्याचा ब्रश फिरवा. वेगळा रंग लागतच नाही, रेघेतूनच टोन निघतो.

---

जुनी_दौत | ७ जुलै, सकाळी ६:५०

दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. रेघवेडी, रेघ उत्तम आहे तुमची. दोष ना शाईचा, ना रंगाचा. तुम्ही एकच काम दोनदा केलंत.

सज्जाखालची सावली हॅचिंगनं पूर्ण झाली होती. तिथं टोन होता, खोली होती. त्यावर पुन्हा गडद सिएना दिलात. कागदाचा जो पांढरा त्या रेघांच्या मधून डोकावत होता, तोच सावलीला हवा देत होता. तो बंद झाला. आता डोळ्याला तिथं रेघा दिसत नाहीत, नुसतं भोक दिसतं.

मी सत्तरच्या दशकात इथल्या मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढायचो. तेव्हा छपाई खिळ्यांची. रेघेच्या चित्राचा लाइन ब्लॉक व्हायचा, तो स्वस्त पडायचा आणि साध्या कागदावरही स्वच्छ उठायचा. वॉशच्या चित्राला हाफटोन ब्लॉक लागायचा, म्हणजे जाळी. तो महाग, आणि खरखरीत कागदावर त्याचे ठिपके भरून चित्र काळं यायचं. त्यामुळे संपादक आधीच सांगायचे, ‘लाइनमध्ये द्या.’ सगळा छायाप्रकाश रेघेतूनच आणायची सवय आमच्या पिढीला लागली ती अशी. रंगीत मुखपृष्ठ करायला बसलो की हात तसाच चालायचा आणि चित्र जड व्हायचं. मला हे कळायला दोन वर्षं गेली.

रंग द्यायचा असेल तर ते पेन उघडण्याआधी ठरवा. आकार, कडा, कोरीवकाम हे रेघेकडे. सावली आणि वातावरण हे वॉशकडे. म्हणजे सज्जाखाली हॅचिंग करायचंच नाही, जागा रिकामी सोडायची. रंग देण्याआधी चित्र अपुरं, थोडं पोरकं वाटलं पाहिजे. तुमचं चित्र रंगाआधीच पूर्ण होतं. त्याला रंग नको होता.

---

कसब्याचा_कोपरा | ७ जुलै, सकाळी ८:०५

काका, ‘थोडं पोरकं वाटलं पाहिजे’ हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

---

रेघवेडी | ७ जुलै, सकाळी ८:२०

दौतकाका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. चित्र पूर्ण झालं होतं हे मला तिथं बसल्या बसल्या जाणवलं होतं, तरी रंगाची पेटी उघडली. अर्धवट सोडून उठायला जमत नाही मला. हात रिकामी जागा बघून हॅचिंग सुरूच करतो. ते कसं आवरायचं?

---

ओळंबा | ७ जुलै, दुपारी १:३०

मी आर्किटेक्ट आहे आणि माझं मत थोडं वेगळं आहे. रंग आधी द्या, रेघ नंतर.

पेन्सिलीनं चार-पाच मुख्य रेघा, त्यावर मोठ्या ब्रशनं उजेड आणि सावलीचे दोन-तीन पट्टे, ते पूर्ण वाळले की मग पेन. सावली आधीच पडलेली असते, त्यामुळे हॅचिंगचा मोहच होत नाही. जिथं कडा हरवली आहे तिथं रेघ द्यायची, बाकी सोडायचं. रेघवेडी, तुमच्या हाताला आवर घालायचा हाच उपाय मला दिसतो.

दुसरा फायदा असा की रंग रेघेत कोंडला जात नाही. आधी रेघ असली की आपण शाळेतल्या चित्रकलेच्या वहीसारखे कडेकडेनं रंग भरत बसतो. वॉश म्हणजे भरणं नाही. तो खांबावरून भिंतीवर वाहिला तर वाहू द्यावा.

---

बोरूबहाद्दर | ७ जुलै, दुपारी २:१०

ओळंबा, पहिल्या मुद्द्याशी असहमत. वॉशवर वाळल्यानंतरही टाकाची रेघ कोऱ्या कागदासारखी येत नाही. ब्रशनं घासलेल्या जागी कागदाचा खळीचा थर (शाई फुटू नये म्हणून दिलेला) सैल होतो आणि शाई तिथं केसासारखे फाटे फोडते. शिवाय फायबर टिपचं पेन वाळलेल्या रंगावरून फिरलं की टोकात रंगाचे कण भरतात.

दुसऱ्या मुद्द्याला मात्र +१. रंगानं रेघेबाहेर जावं, आणि कधी रेघेच्या आत थांबावंही.

---

ओळंबा | ७ जुलै, दुपारी २:३२

ते कागदावर आहे. शंभर टक्के कॉटनच्या, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) कागदावर दोन वॉशनंतरही माझी रेघ फाटत नाही. साध्या कागदावर होतं, हे मान्य.

---

सदाशिवची_सून | ७ जुलै, दुपारी ४:००

विषय थोडा बाजूचा आहे, माफ करा. माझा मुलगा आठवीत आहे, एलिमेंटरीची तयारी करतोय आणि त्याला पेनाची चित्रं रंगवायची फार हौस. साध्या ड्रॉइंगच्या वहीत रंगवतो आणि पान पापडासारखं वाकतं. चांगला कागद महाग. सुरुवातीला काय घेऊ?

---

कागदकाम | ७ जुलै, संध्याकाळी ५:२५

ताई, कागद हा माझा आवडता विषय, त्यामुळे जरा लांबतंय.

पाणी लागलं की कागदाचे तंतू फुगतात आणि पातळ कागद वाकतो. ३०० जीएसएमचा कागद साध्या वॉशला ताण न देताही बऱ्यापैकी सपाट राहतो. मुलाला पूर्ण ताव देऊ नका. साधारण २२ बाय ३० इंचांचा एक ताव घ्या आणि त्याचे आठ तुकडे करा. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत सुटे ताव मिळतात. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त ३०० जीएसएम सरावाला पुरतो. त्यापेक्षा पातळ कागद असेल तर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं पाटाला चिकटवा आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका.

पेनासाठी पोत महत्त्वाचा. खरखरीत कागदावर बारीक फायबर टिप लवकर झिजते. पंधरा दिवसांत ०.२५ चं पेन ०.३५ सारखं चालायला लागतं. गुळगुळीत हॉट प्रेस कागदावर रेघ छान पळते, पण वॉशचे डाग पटकन दिसतात. कोल्ड प्रेस हा मधला मार्ग.

आणि पुण्यात राहून हातकागद वापरला नाही असं करू नका. शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावर हातकागद संस्था आहे, १९४० सालापासूनची. मुलाला एकदा घेऊन जा, कागद कसा होतो ते कळलं की त्याचा हात बदलेल. हातकागदाचा प्रत्येक प्रकार पाण्याला वेगळा वागतो. काहींत खळ कमी असते, त्यावर शाई फुटते आणि वॉश टीपकागदासारखा शोषला जातो. म्हणून आधी कोपऱ्यावर एक रेघ आणि एक थेंब टाकून बघा.

---

नीलपेन | ७ जुलै, संध्याकाळी ५:५०

कागदकामच्या कोपऱ्यावरच्या चाचणीत एक भर. पाच रेघा काढा, आणि लगेच, एक मिनिटानं, पाच मिनिटांनी, अर्ध्या तासानं आणि दुसऱ्या दिवशी अशा एकेकीवरून ओला ब्रश फिरवा. वॉटरप्रूफ म्हणून विकलेली शाईसुद्धा भरपूर खळीच्या कागदावर वर तरंगत राहते आणि पाच मिनिटांत हलते. त्या पट्टीवर पेनाचं नाव लिहून वहीच्या मागे चिकटवा.

---

मुठाकाठ | ७ जुलै, रात्री ९:००

मी एकदा ओंकारेश्वराच्या मागे बसून काढत होतो. रंगात इतका गुंग झालो की ब्रश पाण्याच्या डबीऐवजी शेजारच्या चहात बुडवला. मित्र म्हणाला, ‘आता घाटाच्या दगडाला मसाला चहा दे.’ दिला. घाट काय सुंदर उठला! चहाही मग पिऊन टाकला.

---

सदाशिवची_सून | ७ जुलै, रात्री ९:२०

मुठाकाठ, हे मुलाला वाचून दाखवलं, आता तो उद्याच्या चहाची वाट बघतोय.

---

पोथीवाला | ८ जुलै, सकाळी ७:४५

चहाचा डाग काळानं बदलतो, ठेवायच्या चित्रावर नको. पण चर्चा पुण्यात चाललीय आणि गंगाराम तांबटाचं नाव अजून कुणी काढलं नाही, म्हणून लिहितो.

गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. पेशवाईच्या उत्तरार्धातला पुण्याचा चित्रकार आणि मूर्तिकार. इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यानं वेरूळच्या आणि कार्ल्याच्या लेण्यांची चित्रं काढली. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा प्राणिसंग्रह होता. तिथला गेंडा त्यानं नोव्हेंबर १७९० मध्ये काढला. त्याचं बरंचसं काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे आणि त्याच्या प्रतिमा इंटरनेटवर बघता येतात.

तो गेंडा उघडून बघा. शाईची रेघ बाह्याकाराला आणि कातडीच्या घड्यांना, अंगाचा गोलवा मात्र पातळ रंगातून आणलेला. दौतकाका म्हणतात ती कामाची वाटणी इथल्याच माणसानं सव्वादोनशे वर्षांपूर्वी केलेली आहे. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, त्याच्याबरोबरही गंगारामानं वेरूळच्या चित्रांवर काम केलं. वेल्स १७९५ मध्ये वारला आणि ती चित्रं १८०३ मध्ये टॉमस डॅनियलनं लंडनहून छापली.

तांबट आळीतून जाताना ठोक्यांचा आवाज ऐकला की मला हमखास गंगाराम आठवतो. त्याचं एकही मूळ चित्र आपल्याला सहज जाऊन बघता येत नाही, याचं वाईट वाटतं.

---

जुनी_दौत | ८ जुलै, सकाळी ८:१०

पोथीवाला, फार मोलाचं लिहिलंत. मी गेंडा पाहिला होता, पण पाय मोजून काढले असतील का, यातच अडकलो होतो. आज पुन्हा पाहतो.

---

बोरूबहाद्दर | ८ जुलै, सकाळी ९:३०

याच धाग्याचं दुसरं टोक हॉलंडमध्ये सापडतं. रेम्ब्राँ बोरूनं काढायचा आणि ब्रशनं तपकिरी वॉश द्यायचा. १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्यानं मुघल लघुचित्रांच्या प्रती अशाच शाई-वॉशमध्ये केल्या. त्यातली वीसहून अधिक आज शिल्लक आहेत. मूळ चित्रांत रंगांची रेलचेल, आणि यानं त्यातून घेतलं काय, तर बसण्याची ढब, पागोट्याची गुंडाळी, आणि पायाखाली थोडी सावली. वॉश इतका कमी की मोजता येईल. माणूस मात्र जमिनीवर बसलेला वाटतो, तो त्या सावलीमुळे.

---

गुंजन_शेजार | ८ जुलै, दुपारी १२:१५

मी स्पष्टच लिहिते, रागावू नका. रेघेच्या चित्राला रंग देऊच नये. काळ्या-पांढऱ्यात बघणाऱ्याच्या मनाला काम असतं, रंग आला की ते संपतं. हल्ली रविवारी चित्र काढणाऱ्या बऱ्याच जणांच्या वहीत तोच निळा फटकारा आणि तेच तीन शिंतोडे दिसतात. रेघ कच्ची असली तरी रंगानं खपून जाते. रेघवेडी, तुमचा पहिला फोटो दुसऱ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला आहे. तिथंच थांबा.

---

ओळंबा | ८ जुलै, दुपारी १२:४०

कच्ची रेघ रंगानं खपत नाही, उलट उघडी पडते. शिंतोड्यांबद्दल सहमत. पण ‘देऊच नये’ कसं म्हणता? शि. द. फडणीसांची मुखपृष्ठं आठवा. तो शर्टावर मांजरं आणि साडीवर उंदीर असलेला प्रसंग. रेघ अगदी मोजकी, सावलीचा पत्ता नाही आणि रंग सपाट. त्यातून रंग काढून घेतला तर चित्र अर्धं राहील. त्यांच्या रेघेनं रंगासाठी जागा ठेवलेली असते.

---

गुंजन_शेजार | ८ जुलै, दुपारी १:०५

फडणीसांबद्दल वादच नाही. तिथं रंग आधीपासून योजलेला आहे, नंतर सुचलेला नाही. एवढं मी मान्य करते. माझा राग नंतर सुचलेल्या रंगावर आहे.

---

रेघवेडी | ८ जुलै, दुपारी १:३०

माझा अगदी तसाच होता, नंतर सुचलेला. गुंजनताई, अजिबात रागावले नाही.

आता एक नेमका प्रश्न. पुण्यातल्या जुन्या इमारतींचा दगड काळा. मी पेन्स ग्रे या निळसर करड्या रंगानं रंगवते आणि तो डांबरासारखा दिसतो. रेघाही त्यात बुडतात. दगडाचं कसं करता?

---

कातळ | ८ जुलै, संध्याकाळी ६:४०

इतके दिवस नुसता वाचत होतो, पण या प्रश्नाला राहवलं नाही.

आपला बेसाल्ट काळा नाही. सकाळी आठला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी उभं राहून बघा. ज्या बाजूला ऊन आहे तिथं दगड कोमट राखाडी, जवळजवळ तपकिरी. सावलीच्या बाजूला जांभळट निळा. खरा काळा फक्त दगडांच्या सांध्यात आणि दरवाज्याच्या त्या अणकुचीदार खिळ्यांच्या मुळाशी. तो काळा पेनाला द्या. ब्रशला काळा देऊच नका.

मी दोनच रंग वापरतो, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना. पॅलेटवर एकजीव घोटत नाही, घोटले की मेलेला करडा होतो. भिंतीचा आकार आधी स्वच्छ पाण्यानं ओला करतो. कागदावरची चकाकी जाऊन नुसता ओलसरपणा उरला की उन्हाच्या बाजूनं सिएना आणि सावलीच्या बाजूनं अल्ट्रामरीन लावतो आणि हात मागे घेतो. मधे ते आपसांत भेटतात. अल्ट्रामरीनचे कण गोळा होऊन कागदाच्या खळग्यांत बसतात आणि सिएना त्यांच्याभोवती राहते. वाळल्यावर बारीक रवाळ पोत दिसतो, तो दगडाचाच. त्यासाठी एक ठिपकाही काढावा लागत नाही. गुळगुळीत कागदावर हे तितकं होत नाही, कोल्ड प्रेस हवा.

आणि पहिला वॉश तुम्हाला हवा त्यापेक्षा गडद वाटेल असा द्या. जलरंग वाळताना फिका पडतो. ओला असताना बरोबर दिसला तर वाळल्यावर कमी पडणार, मग आपण दुसरा थर देतो, मग तिसरा, आणि चित्र मळतं. रेघेच्या चित्राला एक वॉश, फार तर कुठं दुसरा. त्यापुढे नाही.

---

मुठाकाठ | ८ जुलै, संध्याकाळी ७:००

‘हात मागे घेतो’ हे सगळ्यात अवघड आहे, कातळ.

---

कागदकाम | ८ जुलै, रात्री ८:१५

एवढ्यात पावसाळ्याचंही लक्षात घ्या. जुलैत पुण्यात वॉश लवकर वाळतच नाही. वरून कोरडा दिसतो, आत ओला असतो. हाताचा मागचा भाग कागदाला टेकवा, गार लागला तर अजून ओल आहे. त्यावर दुसरा थर दिला की कडेनं झालरीसारखा डाग येतो. एप्रिलमध्ये उलट, ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळून कडक कड पडते.

सपाट वॉशसाठी पाट थोडा तिरका ठेवा, मागे एखादं जाड पुस्तक पुरतं. भरलेला ब्रश आडवा ओढला की पट्ट्याच्या खालच्या काठाला रंगाची फुगीर ओळ जमते. पुढचा पट्टा त्या ओळीला लागून घ्यायचा, म्हणजे ती खाली खाली उतरत येते. शेवटी ती ओळ पिळलेल्या ब्रशनं टिपून घ्या. नाही टिपली तर ती मागे सरकते.

आणि पेन्सिलीच्या रेघा वॉशच्या आधी खोडा. रंगाखाली गेलेलं शिसं मग निघत नाही. शाई पूर्ण वाळल्यावर मऊ रबरानं, हलक्या हातानं. जोरात घासलं तर शाईचा काळा उतरतो आणि कागदही दुखावतो.

---

सदाशिवची_सून | ९ जुलै, सकाळी १०:३०

मुलानं नीलपेन यांची पट्टी केली! घरातली सात पेनं तपासली. त्यातली दोनच टिकली. त्यानं प्रत्येकासमोर मार्क दिले आहेत. सगळ्यांचे मनापासून आभार.

---

रेघवेडी | १३ जुलै, दुपारी ४:४५

मंडळी, आज सकाळी पावसानं उघडीप दिली म्हणून महात्मा फुले मंडईत गेले. मूळ प्रश्नावर परत येते, कारण आता सांगण्यासारखं काही आहे.

मधला मनोरा आणि त्याच्या बाजूची उतरती छपरं दिसतील अशी बसले. पेन उघडण्याआधी वहीच्या कडेला काडेपेटीएवढं चित्र काढलं आणि त्यात तीनच गोष्टी ठरवल्या: पांढरं काय राहणार, राखाडी काय होणार, आणि खरा काळा कुठे. मग पेन. मनोऱ्याच्या कडा, कमानी, छपरांचे थर, खाली गाळ्यांतली माणसं. सावलीचा एकही पट्टा भरला नाही. दोनदा हात हॅचिंगकडे वळला, दोन्ही वेळा पेनाला टोपण लावून शेजारच्या आजींशी बोलले. त्या कोथिंबिरीच्या जुड्या निवडत होत्या. पस्तीस मिनिटांत रेघ थांबवली. चित्र खरंच पोरकं दिसत होतं, दौतकाका. छपराखाली नुसती मोकळी जागा.

मग कातळ यांनी सांगितला तसा दगड. मनोरा ओला केला, पूर्वेकडून सिएना, पश्चिमेकडून अल्ट्रामरीन, आणि ब्रश खाली ठेवला. हवा दमट, वाळायला पाऊण तास लागला. हात टेकवून बघत होते. त्या वेळात दोन्ही रंग मनोऱ्याच्या मधल्या कोनावर आले आणि तिथं एक जांभळट सावली आपोआप पडली. मी ती काढली नव्हती. अष्टकोनाची कड तिथं फक्त एका रेघेची होती, आणि त्या सावलीमुळे अख्खी बाजू मागे गेली. छपराखालच्या मोकळ्या जागेत तोच रंग थोडा गडद करून एकाच फटक्यात दिला, माणसांच्या डोक्यांवरून तसाच वाहू दिला. शेवटी टोमॅटोच्या ढिगाला लाल आणि एका छत्रीला पिवळा. आकाश कागदाचंच ठेवलं.

आजींनी बघितलं आणि म्हणाल्या, ‘माझी कोथिंबीर हिरवी नाही केलीस.’ मग एक हिरवा ठिपका त्यांच्यासाठी दिला.

ओळंबा, तुमच्या पद्धतीनं, म्हणजे रंग आधी आणि रेघ नंतर, घरी दोन छोटी चित्रं केली. हाताला आवर बसतो हे खरं, पण मला रेघ काढतानाच जागा समजते, त्यामुळे रेघ आधीच ठेवणार आहे. विश्रामबागवाडा पुन्हा काढणार. जुनं चित्र फेकलेलं नाही. फोटो जोडला आहे.

---

ओळंबा | १३ जुलै, संध्याकाळी ५:१०

तुमच्या हाताला तेच शोभतंय. छपराखालचा तो एक फटका जबरदस्त.

---

गुंजन_शेजार | १३ जुलै, संध्याकाळी ५:३५

छत्रीचा पिवळा मला अजून नकोसा वाटतो. मनोरा मात्र रंगाशिवाय असा झाला नसता, हे कबूल.

---

कातळ | १३ जुलै, संध्याकाळी ६:००

अगदी मंडईचाच दगड. छान वाटलं बघून.

---

जुनी_दौत | १४ जुलै, सकाळी ६:४५

मनोऱ्याच्या डाव्या कडेला, वरून दुसऱ्या कमानीपाशी, कागदाची एक बारीक पांढरी चीर राहिली आहे. तिथूनच ऊन आल्यासारखं वाटतं. मुद्दाम सोडलीत ना? तिला आता हात लावू नका.

---

रेघवेडी | १४ जुलै, सकाळी ७:२०

मुद्दाम सोडली होती, काका. काल रात्री मात्र ती भरायला ब्रश ओला केला होता. आता धुऊन ठेवते.